चाळीस तास काच, चाळीस मिनिटं एम-थ्री

माझा भाचा ओंकार गेले तीन महिने आमच्या कोथरूडच्या गच्चीवर काच घासतोय. सहा इंच व्यासाची जाड चकती, तिच्याखाली तेवढीच दुसरी, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी. खालची चकती पत्र्याच्या ड्रमवर घट्ट बसवलेली. वरची पुढे-मागे सरकवायची, काही फेऱ्यांनंतर ती हातात थोडी फिरवायची आणि आपण ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. बास, एवढंच. यातून म्हणे दुर्बिणीचा आरसा तयार होतो. ओंकारचे असे चाळीस तास झाले असतील.

हाच ओंकार इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अजून त्याच्या मानगुटीवर बसलेला आहे. त्याच्यासाठी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून जागा घेतली आहे. तिथे साहेब चाळीस मिनिटं बसतात आणि चहाला बाहेर पडतात. ताईचं निदान ठरलेलं आहे : "अंगात आळस भरलाय, दुसरं काही नाही. आणि तू त्याला त्या दुर्बिणीचं वेड लावलंस."

दुसरा आरोप मान्य. पहिला नाही. आळशी माणूस चाळीस तास काच घासत नाही.

माझंही एक वर्ष असंच गेलं होतं, म्हणून ही गोष्ट मला जवळची आहे. कंटाळवाणं काम करायची ताकद ज्याच्यात आहे, त्याची ती ताकद एका जागी दिसते आणि दुसऱ्या जागी का गायब होते? मेंदूवर काम करणाऱ्यांनी या प्रश्नावर बरंच खोदकाम केलं आहे. पण आधी काचेकडे नीट बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

पूड टाकली की पहिल्यांदा करकर आवाज येतो, दात शिवशिवतात. मग कण फुटून बारीक होत जातात, आवाज मऊ पडतो आणि पाच-सात मिनिटांत नुसती सळसळ उरते. मग धुवायचं आणि नवी चिमूट टाकायची. अधूनमधून आरशावर पट्टी आडवी ठेवून मधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजायची. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या या आरशाला मध्यभागी सुमारे १.२ मिलिमीटर खोली लागते. एके दिवशी ०.८ होती, दुसऱ्या दिवशी ०.९ झाली. पुढे ८० नंबरची जाडी पूड संपते, १२० येते, मग २२०, अशी काच दुधाळ होत होत रेशमी लागायला लागते. शेवटी डांबरासारख्या पिचवर पॉलिश आणि मग फूकोची चाचणी. ती लेऑं फूकोने १८५०च्या दशकाच्या अखेरीस शोधली. एक बारीक दिवा, एक ब्लेड आणि आपला डोळा एवढ्या सामानात आरशावरची साधारण ७० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी चूकसुद्धा सावलीच्या रूपात दिसते.

थोडक्यात, हे काम दर पाच मिनिटांनी कानाला आणि दर तासाने डोळ्याला सांगत राहतं की तू कुठवर आलास. एम-थ्री असं काही सांगत नाही. लाप्लासची दहा गणितं सोडवल्यावर अकराव्याआधी काय बदललं, हे कळायला मार्ग नाही. परीक्षा सत्राच्या शेवटी, आणि निकाल हाती येतो तोवर पुढचं सत्र बरंच सरकलेलं असतं.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं ठोके मोजल्यासारखं निरीक्षण केलं. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की या पेशी जोरात चेततात. पण थेंबाआधी दरवेळी दिवा लावायला लागलं, की काही दिवसांत पेशी दिव्याला चेततात आणि रस आला तरी शांत राहतात. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं चेतणं नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. पीटर डायन आणि रीड मॉण्टेग्यू यांच्याबरोबर १९९७ साली शुल्ट्झनी यावर जो लेख लिहिला, त्यानंतर डोपामाइनकडे बघण्याची दृष्टीच बदलली. व्हॉट्सॲपवर त्याला अजूनही 'आनंदाचं रसायन' म्हणतात ते सोडा. तो वहीखात्यातला फरकाचा रकाना आहे : धरलं होतं किती, मिळालं किती.

फिलर गेजची पुढची पाती फटीत गेली की ओंकारच्या या रकान्यात दर तासाला काहीतरी जमा होतं. अभ्यासिकेत रकाना कोराच राहतो. कोऱ्या रकान्याकडे बघत बसणाऱ्याला आपण आळशी म्हणतो.

आता पैशाचं. आरशाचं सामान तसं स्वस्तात पडलं. पण ओंकारला पुढे ताऱ्यांचे फोटो काढायचे आहेत आणि त्यासाठी आकाशाच्या गतीने फिरणारा विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण बसवायचा आधार हवा, कॅमेरा हवा. हिशेब लाखाच्या घरात जातो. रात्री दोन वाजता तो अभ्यास करत नसतो तसा दुर्बीणही बघत नसतो. माउंटच्या किमती बघत असतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज सांगतात की हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. १९८९च्या त्यांच्या प्रयोगात ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळपास संपवलं होतं, ते अन्नाकडे जातच नसत. पण गोड पाणी जिभेवर टाकलं की मिटक्या मारत, अगदी धडधाकट उंदरांसारख्या. आवड शाबूत, ओढ गेलेली. माणसात बरेचदा याच्या उलट होतं : ओढ भडकलेली आणि आवड तिथेच. किमती चाळणं हे माकडासमोरचं दिवा लागणं आहे. त्यात रस नाही.

म्हणून मी त्याला एक अट घातली. माउंट घ्यायचा, जरूर घ्यायचा, पण आधी सहा महिने कोणाचा तरी वापरून. पुण्यात हे जमतं. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासूनची, देशातली सगळ्यात जुनी हौशी खगोलनिरीक्षकांची संस्था. तिथे माणसंही भेटतात आणि त्यांची यंत्रंही. ओंकारने तोंड वाकडं केलं. "मामा, दुसऱ्याच्या माउंटवर मजा नाही येत रे." हेच तर तपासायचं होतं.

"मग मी आरसे करून विकतो ना, खर्च निघेल," हा त्याचा पुढचा डाव. यावर मी जरा सावध आहे. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून चित्रासाठी बक्षीस-पत्रक दिलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवू लागली. छंदाला गिऱ्हाईक मिळालं की त्याचंही एम-थ्री होऊ शकतं. अर्थात नेहमीच होतं असं नाही. विल्यम हर्शेल गाणं-बजावणं शिकवून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात आरसे घासायचा. एकदा सोळा तास हात न काढता पॉलिश करत राहिला, तेव्हा बहीण कॅरोलाइनने त्याला घास भरवले. १३ मार्च १७८१ला त्याला घरच्या दुर्बिणीतून युरेनस सापडला, पण शिकवण्या लगेच सुटल्या नाहीत. इंग्लंडच्या राजाने वर्षाला २०० पौंड बांधून दिल्यावर सुटल्या. (ताईला ही गोष्ट सांगितली. तिने कॅरोलाइनबद्दल सहानुभूती व्यक्त केली.)

कॉलेजच्या फीचा धाक ओंकारला का वाटत नाही, हा भाऊजींचा प्रश्न. "एवढे पैसे भरलेत, त्याची तरी चाड?" चाड असते, पण ती विरते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली ओहायोतल्या एका नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत मिळतील अशी सोय केली. पूर्ण पैसे मोजणारे हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्यात फरक उरला नाही. फी ऑगस्टमध्ये एकरकमी जाते, तीही भाऊजींच्या खात्यातून. जानेवारीत तिचा चटका कुठून लागणार?

त्यात पदवी लांब. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याला समोरची सात मजली इमारत सिंहगडापेक्षा उंच दिसते, आणि मेंदूचं काळाच्या बाबतीत तसंच आहे. रिचर्ड थेलर यांचं उदाहरण सफरचंदांचं होतं, आपण हापूस घेऊ. आज एक की उद्या दोन? बरेच जण आजचा उचलतात. पण वर्षाने एक की वर्षाने आणि एका दिवसाने दोन, असं विचारलं तर सगळे एक दिवस थांबायला तयार. थांबायचं तेच चोवीस तास. जूनमध्ये ओंकारने केलेलं वेळापत्रक खोटं नव्हतं. ते डोंगर दूर असताना केलेलं होतं.

आणि एक गोष्ट मोठ्यांना ऐकायला आवडत नाही. सेलेस्ट किड यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना आधी चांगले खडू आणून देण्याचं कबूल केलं आणि निम्म्यांच्या बाबतीत ते पाळलंच नाही. मग गोड खाऊसमोर थांबायला सांगितलं. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीनच. ज्याच्या ओळखीतले चार सीनियर पदवी घेऊन घरी बसलेत, त्याचा 'आधी डिग्री, मग सगळं' या वचनावरचा विश्वास तीन मिनिटांचाच असणार. हा आळस नाही आणि मूर्खपणा तर नाहीच.

मग करायचं काय? जमलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, जमल्या तेवढ्याच.

आकाशाने आम्हाला मदत केली. पुण्यात जून ते सप्टेंबर आकाश बंद. उरलेल्या महिन्यांतही फोटोसाठी कामाच्या रात्री अमावास्येच्या आसपासच्या, त्याही वेल्ह्याच्या बाजूला शहराच्या उजेडापासून दूर गेलं तर. म्हणजे हा छंद मुळातच रोजचा नाही, रोजचं असतं ते किमती चाळणं. आम्ही पंचांग आणि परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवलं आणि भांडणाच्या रात्री मोजल्या. सगळ्यात मोठं भांडण १३-१४ डिसेंबरचं : जेमिनिड्स उल्कावर्षावाचा जोर त्याच रात्री आणि परीक्षाही त्याच सुमाराला. एक रात्र उल्कांना आधीच देऊन टाकली. आधी दिलेली रात्र चोरावी लागत नाही.

दुसरं, 'अभ्यास करीन' हे वाक्य बंद. पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायला सांगितलं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांशांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांत एक-तृतीयांशांनी. ओंकारचं वाक्य आता असं आहे : धुऊन झालं, चकती सुकत ठेवली, की ड्रमवरच वही उघडायची आणि एक गणित. वाक्य हास्यास्पद वाटतं. पण गच्चीवर एक पाटी आली आहे, तिच्यावर खडूने एका बाजूला खोली आणि दुसऱ्या बाजूला सुटलेल्या गणितांचा आकडा. काल १.०४ आणि ३१.

तिसऱ्या गोष्टीत मी जवळजवळ चुकलो होतो. एम-थ्रीमध्ये फूरिये रूपांतर, म्हणजे एखादा आकार लाटांमध्ये फोडून दाखवणारं गणित आहे, आणि दुर्बिणीत तारा जसा दिसतो, मधला ठिपका आणि भोवतीची कडी, तो दुर्बिणीच्या तोंडाच्या आकाराच्या फूरिये रूपांतराचाच नमुना आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत ताऱ्यांना सहा मोठी टोकं असतात ती तिच्या षटकोनी आरशांमुळे. हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण क्रिस हुलमन आणि ज्युडिथ हाराकिविच यांचं २००९चं काम आठवलं. त्यांनी शाळेतल्या मुलांना विज्ञानाच्या धड्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध, हे स्वतः लिहायला लावलं होतं. ज्यांना स्वतःकडून फार आशा नव्हती, त्यांची गोडी आणि गुण दोन्ही वाढले. पुढच्या अभ्यासांत दिसलं की तोच उपयोग बाहेरच्या कोणी ऐकवला, तर याच मुलांवर उलटा परिणाम होऊ शकतो. तेव्हा मामाने गप्प बसायचं.

परवा रात्री मी माझी जुनी साठ मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण गच्चीवर आणली, व्याधाकडे लावली आणि त्याच्या हातात एक खराब झालेली ड्रॉइंग शीट आणि कात्री दिली. "त्रिकोण काप आणि तोंडावर बसव. किती टोकं येतील?"

"तीन. त्रिकोण आहे ना."

त्याने डोळा लावला. बराच वेळ काही बोलला नाही. मग उजव्या हाताने हवेत मोजायला लागला, एक, दोन, तीन, आणि थांबला नाही.

"मामा, सहा आहेत. सहा का?"

मी म्हटलं, मला काय माहीत. खोटं बोललो. त्याने शीटचा उरलेला तुकडा मागितला, आता त्याला चौकोन कापायचा होता.