कोळशाच्या उघड्या साठ्यावर स्पेस फ्रेमचा घुमट : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात उघड्या यार्डातल्या कोळशाचे काय होते, हे आपण रोज पाहता. उन्हाळ्यात वावटळ सुटली की बारीक भुकटी उडून शेजारच्या घरांवर आणि पिकांवर बसते. पावसाळ्यात तोच कोळसा भिजून चिकट होतो, हॉपरच्या, म्हणजे कोळसा ओतायच्या चाडीच्या, तोंडाशी अडकतो आणि बॉयलरमध्ये गेल्यावर त्याची काही उष्णता अंगातले पाणी आटवण्यातच खर्ची पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. या भागात साठा झाकण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला निर्णयापूर्वी काही गोष्टी नीट ठाऊक असाव्यात, म्हणून हे पत्रक.

स्पेस फ्रेम म्हणजे पोलादी पाइप आणि त्यांना जोडणारे पोलादी गोळे यांची दुहेरी जाळी. गोळ्याला निरनिराळ्या दिशांनी आट्यांची छिद्रे असतात आणि प्रत्येक पाइप त्यात बोल्टने बसतो. जर्मन अभियंते माक्स मेंगेरिंगहाउझेन यांनी 1940च्या दशकात ही पद्धत विकसित केली. त्यांच्या मूळ गोळ्याला अशी 18 छिद्रे होती. भार सर्व दिशांना वाटला जात असल्यामुळे मधे एकही खांब न घेता मोठे अंतर झाकता येते आणि डंपर, लोडर किंवा स्टॅकर-रिक्लेमर (ढीग रचणारे आणि उचलणारे यंत्र) यांना आत मोकळेपणाने फिरता येते.

घुमटाचे माप ढिगावरून ठरते, म्हणून आम्ही आधी ढीग मोजतो. कोरडा कोळसा साधारण 37 अंशांच्या उतारावर स्थिरावतो, असे धरू. 40 मीटर त्रिज्येच्या गोल ढिगाची उंची मग सुमारे 30 मीटर होते आणि त्यात 50 हजार घनमीटर, म्हणजे जवळपास 42 हजार टन कोळसा मावतो. ढीग लांबट असेल तर घुमटाऐवजी लांब कमान घ्यावी लागते. वरून येणाऱ्या कन्व्हेअरचा भार शक्यतो घुमटावर टाकू नये. त्याच्यासाठी मधला स्वतंत्र खांब हाच आमच्या मते सुरक्षित मार्ग आहे, मग त्यासाठी थोडी जागा गेली तरी चालेल.

एवढ्या उंच ढिगाखाली मध्यभागी जमिनीवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 25 टन वजन येते. विदर्भातली काळी माती ओलाव्याने फुगते, सुकली की भेगाळते आणि अशा वजनाखाली दबते; ती दबताना शेजारचे फाउंडेशनही ओढते. म्हणूनच माती-परीक्षणाचा अहवाल हाती आल्याशिवाय आम्ही दरपत्रक देत नाही. त्यामुळे काही ग्राहक दुसरीकडे जातात, पण हा नियम आम्ही मोडणार नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे सांधा. बोल्टचे आटे गोळ्यात किती खोल गेले आहेत, हे बाहेरून दिसत नाही. बोल्टवरच्या षटकोनी बाहीला (स्लीव्हला) एक लांबट खाच असते आणि त्या खाचेत एक लहानशी पिन सरकते. पिन खाचेच्या ठरलेल्या टोकाला पोहोचली, तरच बोल्ट पुरता बसला असे समजावे. आमच्याच एका कामात पाना घट्ट लागत होता, पण काही सांध्यांची पिन अर्ध्यावरच थांबली होती. आटे कचऱ्याने अडले होते. ते सांधे उतरवून, साफ करून पुन्हा बसवले. तेव्हापासून प्रत्येक सांध्याची पिन पाहून गोळ्यावर रंगाची खूण केल्याशिवाय घुमटाचे पुढचे कडे चढवत नाही.

अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचे स्पेस फ्रेमचे छप्पर 18 जानेवारी 1978 रोजी पहाटे बर्फाच्या भाराने कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक होते. दाबाखालच्या सळ्यांना बाजूने पुरेसा आधार मिळालेला नव्हता, हे चौकशीत आढळले. आपल्याकडे बर्फ नाही, पण वारा आहे. इमारतींवरच्या भारांसाठीच्या आय.एस. 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर दिला आहे. असा वारा घुमटाच्या माथ्याला वर खेचतो आणि डंपर आत येण्याचे घुमटाचे दार उघडे असेल तर आतूनही दाब पडतो. तेव्हा दारे उघडी धरूनच हिशेब मागा.

उष्णतेचेही तसेच आहे. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हात तापलेल्या दुपारपर्यंत पोलादाच्या तापमानात 50 अंशांचा फरक धरला, तर 80 मीटरमागे ते सुमारे 48 मिलिमीटर वाढते. त्यासाठी आधारावर सरकती बैठक हवी.

कोळसा झाकला म्हणजे आग टळली, असे मुळीच समजू नका. साठा आपोआप तापून पेटू शकतो आणि बंद जागेत धूळ व वायू साचणे अधिक धोक्याचे असते. खाली हवा आत येण्याच्या झडपा, माथ्यावर हवा बाहेर जाण्याची वाट, कार्बन मोनॉक्साइडचे मापक, धूळरोधक विजेची उपकरणे आणि आधी आलेला कोळसा आधी उचलण्याची शिस्त, यांपैकी एकही गोष्ट खर्च वाचवण्यासाठी गाळू नये.

साठा लहान आणि महिन्याभरात संपणारा असेल, तर वारारोधक जाळी आणि पाण्याचे फवारे पुरेसे ठरू शकतात. तसे असल्यास आम्ही ते स्पष्ट सांगतो. घुमटाचाच विचार असेल, तर पहिल्या भेटीपूर्वी यार्डाचा नकाशा, वर्षातला सर्वाधिक साठा, कोळशाची प्रत आणि ओलावा, यंत्रांची उंची आणि काम चालू असताना यार्ड किती दिवस अर्धे रिकामे ठेवता येईल, एवढी माहिती तयार ठेवावी.