क्लाउडचा घाम

ऑगस्ट २०२५मध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई होती. तिथल्या सरकारी पत्रकात नळ गळू देऊ नका वगैरे सल्ल्यांसोबत आणखी एक सल्ला होता: जुने ईमेल आणि फोटो डिलीट करा. कारण ते ज्या डेटा सेंटरांत, म्हणजे हजारो संगणकांच्या गोदामांत, साठवलेले असतात ती थंड ठेवायला पाणी लागतं. बातमी वाचून आमच्या भाचीने क्लाउडवरचे दोन हजार फोटो उडवले आणि विचारलं, "मामा, किती लिटर वाचलं?"

जवळजवळ काहीच नाही. साठवलेला फोटो म्हणजे डिस्कवरच्या चुंबकीय खुणा. त्या असल्या काय, नसल्या काय, डिस्क फिरतच राहते. डेटा सेंटर तापतं ते मुख्यतः आकडेमोडीने. पंपाला दिलेल्या विजेतून निदान पाणी वर चढतं. सर्व्हरला, म्हणजे तिथल्या संगणकाला, दिलेली वीज मात्र आकडेमोड करून झाली की जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. भौतिकशास्त्राच्या नजरेला सर्व्हर म्हणजे एक महागडी शेगडीच.

ही उष्णता घालवायची कशी? आपला माठ करतो तशी. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. (मातीत 'शीत गुण' वगैरे काही नसतो. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावून बघा, गुण कुठे जातो ते कळेल.) एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे युनिटमागे दीड लिटर पाणी. १० मेगावॉट वीज खाणाऱ्या डेटा सेंटरची सगळी उष्णता अशी उडवायची तर दिवसाला साडेतीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पस्तीसेक टँकर!

आता खरी गंमत. माठातलं पाणी किती गार होईल हे नुसत्या उन्हाळ्यावर ठरत नाही, हवेच्या कोरडेपणावरही ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे येऊन थांबतो, ते 'ओल्या फुग्याचं तापमान'. बाष्पीभवनाने त्याच्या खाली जाता येत नाही. नागपुरात मे महिन्यात हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा २३च्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तो २८ असतो. दहा अंशांनी जास्त तापलेल्या नागपूरचा माठ मुंबईच्या माठापेक्षा गार!

डेटा सेंटरचा माठ म्हणजे कूलिंग टॉवर, थोडं पाणी वाफ करून उरलेलं गार करणारा मनोरा. तोही ओल्या फुग्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही, तीनचार अंश वरच थांबतो. सर्व्हरला आत येणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांची असावी अशी शिफारस आहे. म्हणजे नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांचं अशा दिवशी नुसत्या टॉवरवर भागणार नाही, कॉम्प्रेसर चालवावाच लागेल. आणि जिथे माठ उत्तम चालतो, तिथे बहुधा पाण्याचीच मारामार.

जाहिरातींतल्या 'पीयूई'त हे दिसत नाही. केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, एवढाच तो आकडा. १.१ आला की 'ग्रीन' म्हणून मिरवायला मोकळे. पण विजेऐवजी पाणी उडवूनही तो खाली आणता येतो, आणि ती वीज कोळशाची की वाऱ्याची याची तो चौकशीही करत नाही.

मला आवडणारा उपाय ऐकायला उलटा वाटतो: गरम पाण्याने थंड करा. चिप चालताना ६०-७० अंशांवर असते. धातूच्या पातळ पट्टीतून पाणी थेट तिच्या अंगावरून फिरवलं, तर ४५ अंशांचं पाणीही तिच्या मानाने गारच. शिवाय पाणी त्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेतं. चिपकडून परतलेलं ५० अंशांचं पाणी मुंबईच्या ३३ अंशांच्या हवेत साध्या रेडिएटरनेही निवतं. वाफ नको, टँकर नको, कॉम्प्रेसरही नको, फक्त पंप आणि पंखे. म्युनिकजवळ गार्चिंगच्या 'सुपरएमयूसी' या महासंगणकात २०१२पासून असंच गरम पाणी खेळवलं गेलं. हिवाळ्यात त्यावर तिथल्या इमारतीही उबदार ठेवल्या.

मे महिन्यात नवी मुंबईत मात्र ते गरम पाणी फुकट दिलं तरी अंघोळीला कुणी नेणार नाही.