पेटीचा भाता आणि पडद्यावरचा वाद्यवृंद
कोल्हापुरात घरी बसून वाद्यवृंदासाठी रचना करू पाहणाऱ्याला आज क्यूबेस, लॉजिक, रीपर आणि डोरिको या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरांतून निवड करावी लागते. या सॉफ्टवेअरांचे स्वभाव वेगळे का आहेत, हे त्यांच्या इतिहासात शिरल्याशिवाय उमगत नाही.

पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ प्रभात कंपनीने १९३२ साली याच शहरात केला. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादक होते. त्या काळी वादकांचा ताफा प्रत्यक्ष जमवल्याशिवाय वाद्यमेळ ऐकायला मिळणे शक्यच नव्हते. एकट्या माणसाला अनेक वाद्ये हाताळता येण्याची वाट मोकळी झाली ती १९८३ मध्ये, निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारा मिडी हा संकेत आला तेव्हा. मिडीतून आवाज जात नाही. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा दाबला आणि केव्हा सोडला, एवढीच माहिती जाते. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला मिडीच्या खाचा मुळातच होत्या, त्यामुळे सिक्वेन्सर, म्हणजे ही माहिती नोंदवून पुन्हा वाजवणारी सॉफ्टवेअरे, त्याच्यावर रुजले. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस १९८९ मध्ये त्यावरच आले आणि डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या आडव्या पट्ट्यांची त्याची मांडणी पुढे जवळजवळ सर्वांनीच उचलली. लॉजिकचे पूर्वज असलेले नोटेटर मात्र स्वरलेखनाकडे झुकलेले होते. २००२ मध्ये अ‍ॅपलने लॉजिकची मूळ कंपनी घेतली आणि विंडोजवरील आवृत्ती बंद झाली. तेव्हापासून लॉजिक हवे असेल तर मॅकच घ्यावा लागे; २०२३ पासून ते आयपॅडवरही मिळते.

तरीही त्या काळातला वाद्यवृंद कानाला खोटाच वाटत असे, कारण खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत मावत नव्हते. १९९८ च्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने नमुन्याचा फक्त आरंभ स्मृतीत ठेवून उरलेला भाग हार्ड डिस्कवरून वाजता वाजता ओढून घेण्याची युक्ती आणली आणि ही अडचण फोडली. त्यानंतर व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीसारखे प्रचंड संग्रह उभे राहू शकले. एकाच व्हायोलिनचे लांब गज, तुटक गज आणि बोटांनी छेडलेले स्वर वेगवेगळे मुद्रित झाले, आणि ते ऐन वेळी कसे बदलावेत हा नवा प्रश्न उभा राहिला. क्यूबेसने २००९ मध्ये त्यासाठी एक्स्प्रेशन मॅपची, म्हणजे कोणत्या स्वराला कोणते मुद्रण वाजावे हे नेमून देणारी, सोय दिली. रीपरमध्ये तेच काम वापरकर्त्यांनी लिहिलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅमवर चालते.

माझ्या मते निवडीची खरी कसोटी याहूनही साधी आहे. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत पेटीशेजारीच एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. चेलोची ओळ उजव्या हाताने वाजवताना डावा हात कीबोर्डवरच्या मॉड्युलेशनच्या चाकावर असतो. चाक हळूहळू वर नेले की मंद मुद्रण विरत जाते, जोरकस मुद्रण वर येते आणि स्वर फुलतो. पेटीवर डाव्या हाताने भाता सांभाळणाऱ्याला ही जाण उपजतच असते. चाकाच्या या हालचालीचा आलेख शून्य ते १२७ अशा पायऱ्यांत नोंदला जातो. तो स्वरांच्या अगदी खाली दिसावा आणि स्वरांना धक्का न लावता पुन्हा वाजवून बदलता यावा, हे मी सर्वांत आधी तपासतो. क्यूबेस, लॉजिक आणि रीपर हे काम नीट करतात, आणि बेताच्या खर्चात करायचे तर रीपर पुरेसे आहे.

आपल्याकडच्या रचनाकाराला आणखी एक गोष्ट अडते, ती म्हणजे मींड. मिडीत स्वर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण चॅनलला, म्हणजे माहिती जाण्याच्या एका अख्ख्या वाटेला, लागू होते. दोन व्हायोलिन एकाच चॅनलवर असतील आणि एकाला गंधारावरून रिषभावर उतरवायचे असेल, तर दुसऱ्याने धरलेला पंचमही सोबत खाली येतो. म्हणून ज्या ओळीला मींड हवी तिला स्वतंत्र चॅनल द्यावा लागतो. शिवाय वाकवण्याची मर्यादा बहुधा दोन अर्धस्वरांचीच ठेवलेली असते, तेव्हा षड्जापासून पंचमापर्यंत जायचे तर वाद्याच्या सेटिंगमध्ये ती किमान सातपर्यंत वाढवावी लागते.

प्रत्यक्ष वादकांपुढे कागद ठेवायचा असेल, तर २०१६ मध्ये आलेले डोरिको हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर अधिक योग्य. स्वरलेखनात दीर्घकाळ वापरले गेलेले फिनाले थांबवत असल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, त्यामुळे त्यातल्या जुन्या रचना म्युझिकएक्सएमएल या, इतर स्वरलेखन सॉफ्टवेअरांनाही वाचता येणाऱ्या स्वरूपात काढून ठेवायला हव्यात. मिडी फाइलमध्ये स्वर आणि चाकाचे आलेख टिकतात, पण गजाच्या खुणा टिकत नाहीत.