व्हिब्रिओ कॉलरी

पटकी म्हणजेच कॉलरा घडवणारा जीवाणू. आकाराने स्वल्पविरामासारखा, ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा न राहणारा), एका टोकाला शेपटीसारखी एकच कशाभिका. जनुकसंच दोन गुणसूत्रांत विभागलेला असतो: मोठे सुमारे २९.६ लाख बेस-जोड्यांचे, लहान १०.७ लाखांचे.

या जातीचे दोनशेहून अधिक सीरोगट (पृष्ठभागावरच्या घटकांनुसार पाडलेले गट) आहेत; मोठ्या साथी मात्र ओ१ आणि ओ१३९ यांच्याच. ओ१३९ हा १९९२ मध्ये मद्रासला आढळला. तो ओ१च्या एल टॉर प्रकारातूनच निघाला, फक्त बाह्य आवरणाची जनुके बदलली, म्हणून ओ१चे प्रतिद्रव्य त्याला ओळखेना. विषाची जनुकेही जंतूची मूळची नव्हेत; सीटीएक्स-फाय या जीवाणुभक्षी विषाणूने ती आणली. आतड्यात वस्ती करायला ज्या तंतूंची जंतूला गरज, तेच तंतू धरून हा विषाणू आत शिरतो. नदी-खाडीतले बहुतेक व्हिब्रिओ कॉलरी या विषाविनाच जगतात. तेव्हा नुसते जातीचे नाव कळून भागत नाही.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी येतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी, जुलाबांच्या दिवसांत. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होणाऱ्या रुग्णाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावा. प्रयोगशाळा लांब असेल तर तो कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात पाठवतात. प्रयोगशाळेत तो ८.५च्या आसपास पीएच असलेल्या पेप्टोन पाण्यात (पोषक द्रवात) ६ ते ८ तास वाढवतात. रात्रभर राहिला तर इतर जंतू वरचढ होतात. मग टीसीबीएस अगार या व्हिब्रिओंसाठीच्या निवडक माध्यमावर २ ते ३ मिलिमीटरच्या चपट्या पिवळ्या वसाहती दिसतात. पिवळा रंग साखर (सुक्रोज) आंबवल्याचा. सर्वांत जवळचा नातलग व्हिब्रिओ मिमिकस आणि कच्च्या मासळीतून येणारा पॅराहीमोलिटिकस हिरवे उगवतात. अल्जिनोलिटिकस मात्र पिवळाच, आणि फसगत इथेच होते. मीठ नसलेल्या पोषक द्रवात तो वाढत नाही, कॉलरी वाढतो. ऑक्सिडेज या एन्झाइमची चाचणी थेट टीसीबीएसवरच्या वसाहतीवर केली तर खोटी नकारात्मक येऊ शकते. आधी साध्या अगारवर वाढवावे, मगच ओ१ व ओ१३९चे प्रतिद्रव्य लावावे.

पाण्यातला जंतू क्लोरीनने सहज मरतो: हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, नंतर तासभर थांबणे. गढूळ पाण्याला ही मात्रा पुरत नाही. पोते उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडतो. मग माप बरोबर असूनही ओटी (क्लोरीन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाणी पिवळे होत नाही.