पार्श्वभूमी : हॅरॉल्ड मॅकनेअरची स्टुडिओतली वर्षं

जॅझवादक हॅरॉल्ड मॅकनेअर म्हटलं की जाणकारही फ्लूटपाशीच थांबतात. त्याच्या टेनर सॅक्सोफोनची दखल राहूनच जाते, आणि हा मोठा अन्याय आहे.

जन्म १९३१ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. जोगिणींनी चालवलेल्या ज्या शाळेच्या बँडमधून बेटाला वादकांच्या पिढ्या मिळाल्या, तिथेच तो घडला. पुढची बरीच वर्षं बहामात कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन लोकगीतं, गाण्यात आणि सॅक्सोफोन वाजवण्यात गेली. फ्लूट त्याने हाती घेतला तो १९६० च्या सुमारास, तोही बराचसा स्वतःच शिकून. त्याच वर्षी तो युरोपला गेला.

लंडनच्या क्लबांत आल्टो सॅक्सोफोन, टेनर सॅक्सोफोन आणि फ्लूट या तिन्हींवर त्याचा दबदबा होता. १९६५ च्या 'अफेक्शनेट फिंक'मध्ये त्याच्या साथीला मुक्त जॅझमध्ये, म्हणजे ठरलेली चौकट सोडून वाजवल्या जाणाऱ्या जॅझमध्ये, गाजलेली अमेरिकन बास-ड्रमची जोडी आहे. हा अल्बम ऐकल्यावर त्याला निव्वळ फ्लूटवादक म्हणणं कठीण जातं.

खरा मतभेद आहे तो यानंतरच्या वर्षांबद्दल. पॉप गायक आणि चित्रपट यांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याने स्वतःला वाया घालवलं, असं एक मत. मला ते पटत नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये जॅझवर पोट भरणं कठीण होतं, आणि स्टुडिओत नियमित पैसा होता. शिवाय काम काही सामान्य नव्हतं. पॉप गायक डोनोव्हनचं १९६७ चं 'देअर इज अ माउंटन' हे गाणं त्याच्या फ्लूटशिवाय उभंच राहत नाही. १९६९ च्या 'केस' चित्रपटात खाणवस्तीतला मुलगा ससाण्याला उडवतो, तेव्हा संवादांचं काम तोच फ्लूट करतो. नुकसान झालं ते एवढंच, की मागणी सतत फ्लूटलाच राहिली. १९६८ च्या अल्बममधल्या 'द हिप्स्टर'मध्ये तो फुंकता फुंकता गळ्यातूनही सूर काढतो. लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. १९७० च्या 'फ्लूट अँड नट'चं तर नावच फ्लूटवर.

७ मार्च १९७१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघं ३९.

त्याच्या एलपी बाजारातून दिसेनाशा झाल्या आणि जुन्या प्रतींना संग्राहक भारी किंमत मोजू लागले. पुढे लंडनच्या डीजेंनी 'द हिप्स्टर' नाचाच्या क्लबांत वाजवायला घेतलं. 'केस'चं संगीत मात्र स्वतंत्र अल्बम म्हणून यायला सुमारे तीस वर्षं लागली.