बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा कुठनं आल्या

आमच्या सांगलीत विश्रामबागला दोन वर्षांपूर्वी एक पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू घरी आलं, दिवाळीत शेजारी फटाक्यांची माळ फुटली तरी गाढ झोपलेलं, तेव्हा कळलं की याला ऐकूच येत नाही. लोक म्हणाले द्या सोडून, मिरज रोडला हॉर्न ऐकणार नाही, काही शिकणार पण नाही. हे "शिकणार नाही" आलं कुठनं ते शोधत गेलो.

पांढरा रंग आणि बहिरेपणाचं नातं जुनं आहे, निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात असं डार्विननं १८५९ लाच लिहून ठेवलंय. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात, तिथं त्या नसल्या की पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतोवर ऐकण्याच्या नाजूक पेशी मरून जातात. कुत्र्यांच्या बहिरेपणाचे अभ्यासक जॉर्ज स्ट्रेन यांनी अमेरिकेत केलेल्या तपासण्यांत साधारण ३० टक्के डाल्मेशियन, म्हणजे पांढऱ्यावर ठिपके असलेली कुत्री, एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. आणि दोन्ही कान गेलेली पिल्लं चावरी होतात म्हणून मारून टाका, असा तिथल्या डाल्मेशियन क्लबचाच सल्ला कित्येक वर्षं होता. वाचून पोटात कालवलं.

त्या काळचं ट्रेनिंगच तसं होतं. १९१० मध्ये जर्मनीत कोनराड मोस्टनं पोलिसी कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात हुकूम आणि चुकलं की गळपट्ट्याला झटका, पुढं सैन्यातनं तीच पद्धत घराघरात गेली. हुकूम ऐकायचा कानानं, मग बहिरं कुत्रं आपोआप नापास! बदल सुरू झाला १९४० च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी बरोबर केलं त्याच क्षणाला 'टक्' आवाज आणि लगेच खाऊ, असं प्राण्यांना शिकवलं, पुढं ट्रेनर कॅरेन प्रायर यांनी तो क्लिकर, म्हणजे टक् आवाज करणारी छोटी डबी, कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवला. आता तो आवाजच पाहिजे असं कुठंय, अंगठा वर केला तरी तेच काम होतं. १९९८ मध्ये तर कुत्री माणसाच्या बोटाची दिशा ओळखतात हे प्रयोगांतनं दिसलं, आटपाडीकडं धनगरानं नुसती काठी वर केली की कुत्रं जागेवर थांबतं हे मी डोळ्यानं बघितलंय.

बहिऱ्या कुत्र्याला हाक म्हणून गळ्यात थरथरणारा पट्टा पण वापरता येतो. तो घेताना मात्र नीट बघा, नुसता थरथरणारा वेगळा आणि करंट देणारा वेगळा, ऑनलाइन दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. करंटवाल्यावर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. थरथरला म्हणजे "माझ्याकडं बघ" एवढंच शिकवायचं, आधी घरात, थरथर झाली की लगेच चिकनचा तुकडा, शिक्षा म्हणून कधीच नाही.

ऐकू येतं का याची घरी पातेलं वाजवून टेस्ट करू नका, फरशीची थरथर पायाला कळते आणि ऐकतंय असं वाटतं. झोपेतनं उठवताना आम्ही आधी हात नाकापुढं धरतो, वास लागला की मग खांद्याला हात. बाहेर दोरीशिवाय अजिबात नाही. रात्री अंगणात असला की भिंतीवर टॉर्च दोनदा मारतो, वळून बघतो, अंगठा दिसला की पळत येतो.