वर्षायू कोरिऑप्सिस

सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) एक वर्षायू रानफूल. शास्त्रीय नाव कोरिऑप्सिस टिंक्टोरिया. मूळस्थान उत्तर अमेरिका. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी १८२१ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. झाड ६०–९० सेंमी. उंच, खोड सडपातळ व फांद्याळ. पाने समोरासमोर, अरुंद खंडांत चिरलेली. फुलोरा (स्तबक) सुमारे ३ सेंमी. व्यासाचा. कडेच्या साधारण आठ पिवळ्या किरण-पुष्पकांची (पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या फुलांची) टोके तीन दात्यांची व तळ बहुधा तांबूस-तपकिरी असतो; मधले बिंब गडद तांबडे.

दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा या दोन गोष्टी असल्या की हलकी, रेताड जमीनही चालते. बिघडते ते लाड केल्याने. शेणखत किंवा नत्रयुक्त खत जास्त झाले की झाड पाल्यावर जाते, खोड लुसलुशीत होते आणि पहिल्याच वादळी सरीत आडवे पडते. एरवी आधार लागत नाही; वाऱ्याच्या जागी मात्र काटक्या रोप लहान असतानाच रोवाव्यात, कारण एकदा लोळलेले झाड बांधून नीट सरळ होत नाही.

बी फार बारीक असते, एका ग्रॅममध्ये सुमारे ३,००० दाणे. चौरस मीटरला पाव ग्रॅम बी दहापट कोरड्या वाळूत मिसळून फोकावे. उगवणीला उजेड लागतो, म्हणून बी मातीआड न करता वरून हाताने हलके दाबावे. झारीच्या बारीक फवाऱ्यानेच पाणी घालावे; जोराच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होते. २० अंश से.च्या आसपास एक ते दोन आठवड्यांत उगवण होते. रोपे ५ सेंमी. झाली की विरळणी करून दोन रोपांत २०–३० सेंमी. अंतर ठेवावे. इथे हात आखडता घेतला तर दाटीत हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते.

पेरणीपासून सुमारे दहा आठवड्यांत फुले येतात. सुकलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो. पहिला बहर ओसरल्यावर झाडे एक-तृतीयांश छाटून पाणी दिले की बहुधा पुन्हा फुलतात. पाणी साचल्यास बुंधा कुजतो. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा पाण्याच्या फवाऱ्याने जातो. कोवळी रोपे रात्री गोगलगायी खातात. फुले हिरवट व वेडीवाकडी येऊ लागली, तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असू शकतो. त्याला औषध नाही. झाड उपटून टाकावे.

बियांसाठी शेवटची काही फुले झाडावरच वाळू द्यावीत. बोंड तपकिरी होऊन चुरगळताच दाणे सुटले, की बी तयार समजावे. न काढल्यास ते गळून पुढच्या हंगामात आपोआप उगवते, कधी नको तितके.

फुलांपासून रंगही मिळतो. तुरटी लावलेली लोकर फुलांच्या काढ्यात पिवळी ते नारिंगी होते आणि काढ्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घातल्यास तांबूस छटा चढते. पिवळी पाकळी अमोनियाच्या वाफेवर धरली तरी लालसर होते, कारण तिच्यातील रंगद्रव्ये अल्कलीत रंग पालटतात.